मोजणारं छिद्र, अडवणारं छिद्र



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून पोलादाच्या एका चकतीवर बोलायची संधी मिळाली, याबद्दल मी आयोजकांचा मनापासून आभारी आहे.

सभागृहात कारखान्यांतून निवृत्त झालेले बरेच जण दिसतात. त्यांना ऑरिफिस प्लेट म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पाइपलाइनच्या दोन फ्लँजांच्या, म्हणजे पाइपांच्या टोकांवरच्या जोडकड्यांच्या, मध्ये दाबून बसवलेली पातळ, गोल, स्टेनलेस स्टीलची चकती. तिच्या मधोमध एक भोक, पाइपाच्या व्यासापेक्षा लहान. फ्लँजच्या बाहेर डोकावणारी एक मूठ आणि त्या मुठीवर भोकाचा व्यास ठोकलेला. संपलं. हलणारा भाग नाही, काटा नाही, विजेची तार नाही. तरीही तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाने, वीज केंद्रं आणि गॅसच्या पाइपलाइनी गेली शंभर वर्षं पाणी, वाफ, वायू आणि तेल यांचा हिशेब याच चकतीच्या भरवशावर करत आल्या आहेत.

मला आज एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. हे माप उघडं आहे. ते कुठल्याही बंद डब्यात नाही. त्याचा खरेपणा त्याच्या आकारात आहे, आणि आकार कुणालाही पट्टी घेऊन तपासता येतो. पण जे उघडं असतं ते कुणीतरी सतत बघावंही लागतं. ते बघणं थांबलं की काय होतं, याकडे मी शेवटी येईन.

आधी हे भोक मोजतं कसं?

1644 साली इटलीत टॉरिचेलीने एक नियम छापला. भांड्याच्या तळाजवळ भोक पाडलं, तर बाहेर येणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करा. म्हणजे वेग थेट मोजायची गरज नाही. उंची मोजा, वेग कळेल. 1738 मध्ये डॅनिएल बर्नुलीने हा विचार पाइपाच्या आत नेला. प्रवाहाचा वेग वाढतो तिथे त्याचा दाब कमी होतो. पाइपात चकती बसवली की पाण्याला त्या लहान भोकातून वेगाने जावं लागतं आणि पलीकडे दाब घटतो. चकतीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजा. त्या दोघांमधल्या फरकावरून प्रवाह काढा.

पण मध्ये एक अडचण आहे, आणि तिने न्यूटनलाही चकवलं होतं. 1687 च्या आपल्या ग्रंथात त्याने भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब केला आणि वेग टॉरिचेलीपेक्षा बराच कमी काढला. 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तो भाग नव्याने लिहिला. मधल्या काळात त्याने पाण्याची धार नीट निरखली होती. भोकातून बाहेर पडल्यावर धार आणखी बारीक होते! त्याने ती मोजलीसुद्धा: भोकाचा व्यास 25 भाग, तर धारेचा सुमारे 21. टॉरिचेलीचा वेग बरोबर होता, न्यूटनने आधी धारेची रुंदी चुकीची धरली होती.

असं का होतं? लोकल फलाटावर थांबली की दोन्ही बाजूंनी दाराकडे झेपावलेली माणसं दारातून आत शिरल्यावर लगेच सरळ होत नाहीत. आलेल्या दिशेचा झोक त्यांच्या अंगात असतो. कडेकडेने भोकाकडे वळलेल्या पाण्याचं तसंच आहे. ते भोक ओलांडून थोडं पुढे गेल्यावर सर्वांत अरुंद होतं. धारदार कडेच्या भोकात या अरुंद जागेचं क्षेत्रफळ भोकाच्या साधारण 62 टक्के भरतं. म्हणून ऑरिफिसच्या गणितात तो आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: 0.6 आणि त्याच्या पुढची दशांशस्थळं. पाणी असो, वाफ असो, वायू असो, प्रवाह पुरेसा जोमदार असला की हा गुणांक 0.6 च्या आसपासच राहतो. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते. निसर्गाने हा आकडा स्थिर ठेवला म्हणूनच हे साधन शक्य झालं.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने हाच गाभा. या मापावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

आपल्याकडे छिद्राने मोजायची परंपरा फार जुनी आहे. लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत, ते काय होतं? तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं आणि 24 मिनिटांनी वाटी बुडते. दिवसरात्रीत 60 वेळा. ही वाटी कशी करावी याचे नियम जुन्या ग्रंथांत होते: इतकं तांबं घ्या, इतक्या वजनाच्या सोन्याची इतक्या लांबीची सुई करा, तिने भोक पाडा. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणी’त हा विषय हाताळला, तेव्हा त्या सुईच्या नियमाला आधार नाही आणि तसं पात्र करणंही अवघड, असं स्पष्ट सांगितलं. त्यांचा मार्ग वेगळा होता. पात्र करा, पाण्यात सोडा, दिवसरात्रीत किती वेळा बुडतं ते मोजा आणि त्या संख्येने दिवसाला भागा. पात्राचं माप आपोआप हाती येतं. आजच्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात. ज्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटण्याला मठ स्थापून शिलालेख कोरवला, त्या भास्कराचार्यांची ही शिकवण आपल्याला ठाऊक असायला हवी.

भास्कराचार्य त्यांच्या काळात पूर्ण बरोबर होते. सुईने पाडलेलं भोक दोन कारागिरांच्या हातून सारखं होणं शक्य नव्हतं. पण ऑरिफिस प्लेट नेमकी उलट्या बाजूला उभी आहे. तिचा दावा असा की आकार काटेकोर ठेवला तर कॅलिब्रेशनची गरजच नाही. मुंबईत कातलेली आणि ओस्लोत कातलेली प्लेट, मापं सारखी असली तर, उत्तरही सारखंच देईल. प्रवाहावर तपासून न घेताही साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत!

हा दावा करायला धाडस लागलं आणि प्रयोगांचा डोंगर लागला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात थॉमस वेमथने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नैसर्गिक वायू मोजण्यासाठी धारदार कडेच्या प्लेटांवर प्रयोग केले आणि 1912 मध्ये ते प्रसिद्ध केले. फ्लँजमध्ये प्लेटच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर दाबाची भोकं ठेवायची त्याची पद्धत आजही चालू आहे. पुढे अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी हजारो मोजमापं केली आणि त्यांतून आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ 5167. ते पहिल्यांदा 1980 मध्ये निघालं आणि त्यानंतर वेळोवेळी सुधारलं गेलं.

या मानकात काय काय आहे ते ऐका, म्हणजे आकार काटेकोर ठेवणं म्हणजे काय हे कळेल. भोकाची अलीकडची कड धारदार हवी. किती धारदार? तिची गोलाई भोकाच्या व्यासाच्या दहा हजारांत चार भागांपेक्षा जास्त नको. म्हणजे भोक 100 मिलिमीटरचं असेल तर गोलाई 0.04 मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ही तपासायची कशी? भोक 25 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असेल तर नुसत्या डोळ्यांनी. कडेवर प्रकाशाचा झोत टाका. कड चमकली नाही तर ती धारदार आहे. चमकली तर गेली. जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या मापांपैकी एक, आणि त्याची परीक्षा एका विजेरीवर. अशी परीक्षा मला फार मोलाची वाटते, कारण ती फक्त तज्ज्ञापाशी राहत नाही. नवा फिटर, गॅस विकत घेणाऱ्या कारखान्याचा माणूस, सरकारी निरीक्षक, तिघांनाही ती करता येते.

आणि कड बोथट झाली तर? पाणी वळणावर कमी आकसतं, तेवढ्याच दाबाच्या फरकात जास्त पाणी निघून जातं आणि मीटर कमी दाखवतो. प्लेट उलटी बसवली तर? तिरकी कातलेली बाजू पुढे येते. तरी कमीच दाखवतो आणि चूक दहा-वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. प्लेट दाबाने वाकली तर? कमी. अलीकडचा पाइप आतून गंजून खडबडीत झाला तर? तिथेही कल कमी दाखवण्याकडेच. प्लेट आणि पाइप यांचे बहुतेक दोष एकाच दिशेने झुकतात. म्हणजे दुर्लक्षाची किंमत बहुतेकदा एकाच पक्षाला मोजावी लागते: विकणाऱ्याला. घेणाऱ्याकडून तक्रार येईल याची वाट बघत बसलात, तर ती कधीच येणार नाही.

छिद्र आणि लबाडी यांचं नातं जुनं आहे. रोममध्ये इसवी सन 97 मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा एक माजी सेनानी नगराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने कामाचा अभ्यास करताना लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध आहे. रोममध्ये प्रत्येक ग्राहकाला पाणी मिळे ते टाकीत बसवलेल्या कांस्याच्या एका ठरावीक मापाच्या नळीतून. कांस्याच्याच का? शिसं मऊ असतं, ठोकून रुंद करता येतं. कांस्य सहज वाकत नाही. त्या नळीवर अधिकृत शिक्का मारलेला असायचा. फ्रॉन्टिनसला काय सापडलं? कित्येक नळ्या मंजूर मापापेक्षा मोठ्या होत्या. कित्येकांवर शिक्काच नव्हता. काही ठिकाणी नळी बरोबर, पण तिच्या लगेच मागे मोठा पाइप जोडलेला, म्हणजे पाणी जास्त ओढलं जाईल. म्हणून नियम असा होता की नळीनंतर 50 फुटांपर्यंत पाइप तिच्याच मापाचा असला पाहिजे. आणि रस्त्याखालचे पाइप भोसकून परस्पर पाणी विकणारी माणसं होतीच.

फ्रॉन्टिनसने हे सगळं मापांनिशी लिहून ठेवलं. एक उणीव मात्र होती: रोमन माप फक्त भोकाच्या क्षेत्रफळाचं होतं. पाण्याच्या वेगाने फरक पडतो याची त्याला जाण होती, पण तो मोजायची रीत त्याच्यापाशी नव्हती. टॉरिचेलीला अजून दीड हजार वर्षं होती.

या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर 1899 मध्ये कुणी केलं असेल? क्लेमेन्स हर्शेलने. ज्याने 1887 च्या सुमारास अमेरिकेतल्या होल्योकला व्हेंच्युरी मीटर, म्हणजे हळूहळू आवळून पुन्हा रुंदावणारी मोजणीची नळी, तयार केला, तोच हा हर्शेल. प्रवाह मोजण्याचं आधुनिक साधन करणाऱ्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाणी अधिकाऱ्याची वही वाचावीशी वाटली, आणि नुसती वाचून न थांबता त्याने ती जगापुढे आणली. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

रोमचा 50 फुटांचा नियम नळीनंतरच्या पाइपाचा होता. आजचा नियम प्रामुख्याने आधीच्या पाइपाचा आहे. प्लेटच्या अलीकडे एक साधा काटकोनी बेंड असेल आणि भोक पाइपाच्या व्यासाच्या 0.6 पट असेल, तर मध्ये पाइपाच्या व्यासाच्या 42 पट सरळ लांबी हवी. 200 मिलिमीटरच्या पाइपाला साडेआठ मीटरच्या आसपास. बेंडमधून येणारा प्रवाह एका बाजूला झुकलेला असतो, फिरलेला असतो. तो सावरायला इतकं अंतर लागतं. आपल्या कारखान्यांत जागेची टंचाई असते आणि पाइपिंगचा आराखडा करणारे हे अंतर सर्वांत आधी कापतात. पुढे सगळे दाबाचा फरक मोजून कळवणाऱ्या ट्रान्समीटरला दोष देतात.

वर्गमुळाचा जाच इथे सांगायलाच हवा. समजा, पूर्ण प्रवाहाला दाबाचा फरक 2500 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका आहे. प्रवाह निम्मा झाला की फरक 625 वर येतो. दशांश झाला की 25 वर! अशा वेळी ट्रान्समीटर 5 मिलिमीटरने चुकला तर प्रवाहात सुमारे दहा टक्क्यांची चूक. पूर्ण प्रवाहाला हीच चूक जाणवलीही नसती. म्हणून ही प्लेट कमाल प्रवाहाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यापर्यंतच विश्वासाची. त्याखाली तिला विचारू नये.

तिची आणखी एक किंमत आहे, विजेची. भोकानंतर धार पसरते, भोवरे होतात, आणि गेलेल्या दाबातला मोठा भाग परत मिळत नाही. भोक पाइपाच्या निम्म्या व्यासाचं असेल तर जवळजवळ तीन-चतुर्थांश दाब कायमचा जातो. ताशी 1000 घनमीटर पाणी, 2500 मिलिमीटरचा फरक, पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता 70 टक्के धरा: फक्त या चकतीसाठी वर्षाला साठ हजारांहून जास्त युनिट वीज. हर्शेलचा व्हेंच्युरी यातला बराच दाब परत मिळवतो, म्हणून तो लांबलचक आणि महाग असूनही मोठ्या पाणीयोजनांत टिकला.

आणि कालव्यात तर ही प्लेट नकोच. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी द्यायचं ठरलं. शेतकऱ्यांच्या संस्थेला किती पाणी दिलं हे मोजल्याशिवाय तो कायदा कागदावरच राहतो. पण चारीत गाळ असतो, आणि खर्च करायला उंचीही नसते. तिथे उघड्या प्रवाहाचा, थोड्या उंचीत भागणारा फ्ल्यूम, म्हणजे मध्ये अरुंद केलेला मोजणीचा पाट, लागतो. स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूमवर सर क्लॉड इंग्लिस यांनी मुंबई इलाख्यात महत्त्वाचं काम केलं, आणि खडकवासल्याच्या संशोधन केंद्राशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. जिथे जे माप शोभतं तिथे ते लावावं. ऑरिफिसच्या प्रेमात पडून मी ती सगळीकडे बसवा असं म्हणणार नाही.

आता तिसरा मुद्दा: अडवणारं छिद्र.

याचं उदाहरण बघायला कारखान्यात जायला नको. तुमच्या गॅसच्या शेगडीत, नॉबच्या पुढे, एक पितळी जेट असतो आणि त्यात सुईइतकं भोक. सिलिंडरमधून कितीही गॅस येऊ शकत असला, तरी बर्नरला किती मिळायचा हे ते भोक ठरवतं. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे पाइप गॅस आला त्यांनी पाहिलं असेल: जोडणी करणारा माणूस शेगडीचे जेट बदलतो किंवा त्यांची भोकं मोठी करतो. का? सिलिंडरच्या गॅसमध्ये घनफळामागे पाइप गॅसच्या सुमारे अडीच पट उष्णता असते. तेवढीच आच हवी तर पाइप गॅस जास्त सोडावा लागतो. म्हणून तीच शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडायची झाली तर जेट पूर्वीसारखे करून घ्यायलाच हवेत. मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला तर ज्योत पिवळी, काजळी धरणारी आणि धोक्याची होते. हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण घर बदलताना लोक शेगडी बरोबर नेतात आणि जेट विसरतात.

उंच इमारतीत खालच्या मजल्यांच्या अग्निशमन नळांना याच कारणासाठी ऑरिफिस बसवतात. दर दहा मीटर खाली आलं की दाब चौरस सेंटिमीटरमागे जवळजवळ एक किलोने वाढतो. वरच्या मजल्याला पुरेल असा पंप लावला तर खालच्या मजल्यावर होज हातात धरता येणार नाही. वीज केंद्रांत बॉयलरच्या फीड पंपातून पाणी वाहत राहावं म्हणून ठेवलेल्या परतीच्या वाटेवरही दाब मारायला ऑरिफिस असतो, कधी एकामागून एक अनेक. एकाच टप्प्यात सगळा दाब मारला तर पाण्यात बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू खातात.

वायूच्या बाबतीत निसर्गाने एक सीमाच घालून दिली आहे. हवेसाठी पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या सुमारे 53 टक्क्यांखाली गेला की भोकातला वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो. त्यानंतर पलीकडे दाब कितीही कमी करा, प्रवाह वाढत नाही. पुढे पाइप फुटला तरी! पातळ धारदार प्लेटमध्ये ही सीमा पूर्ण लागू होत नाही, म्हणून अशा कामाला जाड प्लेट वापरतात. सुरक्षेसाठी याहून भरवशाची गोष्ट मला माहीत नाही: व्हॉल्व अडकू शकतो, नियंत्रक बंद पडू शकतो, भोक मात्र आपल्या मापाचं राहतं.

राहतं का? आता सुरुवातीला राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो.

जपानमधल्या मिहामा अणुऊर्जा केंद्रातलं तिसरं युनिट 1976 मध्ये सुरू झालं. 9 ऑगस्ट 2004 रोजी तिथला एक पाइप फुटला. अणुभट्टीचा नव्हे, किरणोत्सर्गी पाण्याचा नव्हे. टर्बाइनच्या इमारतीतला, साध्या गरम पाण्याचा, अर्धा मीटरहून जास्त व्यासाचा पाइप. सुमारे 140 अंशांचं पाणी दाबाखालून सुटलं आणि त्याची वाफ झाली. जवळच येऊ घातलेल्या नियमित तपासणीची तयारी करणारे कामगार होते. अकरा जण होरपळले, त्यांतले पाच गेले.

पाइप कुठे फुटला? ऑरिफिसच्या लगेच पुढे. प्रवाह मोजणारी प्लेट आपलं काम करत होती. पण तिच्या मागचे भोवरे, त्या तापमानाचं पाणी आणि साधं कार्बन स्टील यांचा मेळ बसला होता. पोलादावर जमणारा संरक्षक थर भोवऱ्यांमुळे सतत विरघळत गेला. मुळात सुमारे 10 मिलिमीटर जाडीची भिंत आतून झिजून दीड मिलिमीटरच्या खाली गेली. हे होऊ शकतं, हे अभियंत्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणूनच जाडी मोजायच्या जागांची यादी केलेली होती. ही एक जागा त्या यादीत घालायची राहून गेली, आणि केंद्र सुरू झाल्यापासून तिथली जाडी एकदाही मोजली गेली नव्हती.

त्या पाच कामगारांसाठी मला इथे बसलेल्या तरुण अभियंत्यांना काही सांगायचं आहे, आणि ते अगदी कामाचं आहे. पुढच्या शटडाऊनला ऑरिफिस बाहेर काढाल तेव्हा मुठीवरचा व्यास आराखड्याशी जुळवा, कडेवर विजेरी मारा, तिरकी कातलेली बाजू प्रवाहाच्या पलीकडे आहे ना ते बघा. एवढं बहुतेक जण करतात. मग पाइपाच्या त्या बाजूला जा जिकडे पाणी निघून जातं. अल्ट्रासॉनिक गेज घ्या आणि प्लेटपासून पुढे, पाइपाच्या सगळ्या बाजूंनी, जाडी मोजा. त्यानंतर पाइपलाइनचा मूळ आराखडा उघडा, त्यातला प्रत्येक ऑरिफिस बोटाने शोधा आणि तपासणीच्या यादीत त्याचा क्रमांक आहे का ते एकेक करून पडताळा. नसेल, तर त्याच दिवशी लिहा.